मोठेपणी कळलेलं एडीएचडी आणि लहानपणापासूनची धास्ती

बिंबल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिलाच. लांबला तर सांभाळून घ्या. लांबणारच, मुद्द्यावर टिकता येत नाही हीच तर तक्रार आहे.

मी फोंडा तालुक्यातली, वय छत्तीस, पणजीत एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. गेल्या वर्षी मला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्याचं निदान झालं. त्याआधी बरीच वर्षं 'चिंताविकार' एवढंच निदान होतं. ते चुकीचं नव्हतं, अर्धं होतं.

शाळेत मी दंगा करणाऱ्यांतली नव्हते. चौथीपर्यंत गावची सरकारी मराठी शाळा, आणि मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पाचवीपासून सगळं एकदम इंग्रजीत. गुण घसरले तेव्हा घरी आणि शाळेत सगळ्यांनी एकच कारण धरलं: माध्यम बदललंय, होईल सवय. बाकीच्या पोरांना झालीही. मी आठवीतसुद्धा भूगोलाच्या तासाला समासात माडाच्या झावळ्या काढत बसलेली. "लक्ष खंय आसा तुजें?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की हजेरीत माझं नाव तेच असावं. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा, हुशार आहे पण लक्ष देत नाही.

आणि सोबतीला धास्ती. दप्तर रात्री भरायचं, झोपायच्या आधी उपसून परत भरायचं, पहाटे उठून परत बघायचं. काहीतरी विसरणार याची खात्री असायची, आणि खरंच विसरायचे. परीक्षेच्या सकाळी पोटात कळा. आजी मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट काढायची. तेवढा वेळ कुणीतरी शांतपणे माझ्याजवळ बसायचं म्हणून बरं वाटायचं, हे आता कळतं. शेजारीपाजारी म्हणायचे, पोर किती जबाबदार, बसच्या कितीतरी आधी स्टॉपवर उभी असते. मी उभी असायचे कारण वेळेचा अंदाज मला कधी आलाच नाही. पाच मिनिटं आणि पाऊण तास मला आतून सारखेच लागतात.

नोकरीत हेच पुढे चालू. जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र २० तारखेला भरायचं असतं. ते मी भरते, १९च्या रात्री का होईना. ज्या कामाला तारीख आहे ते होतं. ज्याला नाही ते काम (पीएफचा जुना खातेक्रमांक जोडून घेणे, दातांच्या डॉक्टरकडे जाणे, मैत्रिणीच्या मेसेजला उत्तर) तसंच पडून कुजतं, आणि ते कुजतंय याची बोच दिवसभर.

तिशीच्या आसपास छातीत धडधड, रात्री झोप नाही, म्हणून डॉक्टरकडे गेले. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, चिंतेवरची गोळी सुरू झाली. धडधड थांबली, झोप लागू लागली. आणि काही महिन्यांत माझं घर विस्कटलं. वीजबिल थकलं, कुकरखालचा गॅस चालू ठेवून मी दुकानात गेले, ऑफिसात तारखा चुकू लागल्या. इतकी वर्षं माझ्याकडून काम करून घेणारा मुकादम म्हणजे ती भीतीच होती. गोळीने मुकादमाला रजेवर पाठवलं आणि कामगार बसून राहिले.

डॉक्टरांना वाटलं नैराश्य येतंय. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत शाळेचं विचारलं. प्रगतिपुस्तकं आहेत का, आई येऊ शकेल का? आईने ट्रंकेतून सगळी काढून आणली. त्यांनी समजावलं की डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३च्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे बारा वर्षांच्या आत बरीचशी लक्षणं दिसलेली असावी लागतात. आधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असे लक्षणांचे दोन गट आहेत; प्रौढांमध्ये त्यांतल्या एका गटातल्या नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, लहान मुलांत सहा. आणि ती एकाच जागी नव्हेत, घरी आणि कामावर अशी दोन्हीकडे दिसायला हवीत.

तर विचारायचंय हे: एडीएचडी आणि चिंता दोन्ही एकत्र असलेलं कुणी इथे आहे का? भीती कमी केली की काम बंद पडतं, काम चालू ठेवायचं तर भीती लागते, या गुंत्यातून तुम्ही कसे बाहेर पडलात?

वाळपईकर

बिंबलताई, चांगला धागा. मी सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक. तुमचा पाचवीचा मुद्दा अगदी बरोबर आणि त्यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडून चौथी झालेली मुलं इंग्रजी माध्यमात जातात, तिथे नव्या शाळेतल्या शिक्षकाला हे मूल आधी कसं होतं ते ठाऊक नसतं. सगळ्याचं खापर भाषेवर फुटतं. जे आमच्या वर्गात दुसरीतच दिसलेलं असतं, ते कागदावर पुढे जातच नाही.

आणि मुली सुटतात. बाकावर चढणारा मुलगा दोन दिवसांत हेडमास्तरांकडे पोचतो. खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मी स्वतः अशा मुलीला पुढच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवतो आणि दहा गणितांचा कागद फाडून दोन-दोन गणितं देतो. एवढ्यानेही फरक पडतो.

जुना_मळेकर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्या वेळी वर्गातली निम्मी पोरं अशीच होती. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. छडी बसली, सरळ झाली. आता रील बघून जो तो म्हणतो मला एडीएचडी. हातातला मोबाईल ठेवा बाजूला, येईल लक्ष.

सुरंगी

काका, जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकण्याच्या विकाराचं वर्णन केलं ते १७९८ साली. तेव्हा रील नव्हत्या.

पण तुमच्या बोलण्यातला एक भाग मी खोडणार नाही. मी समुपदेशक आहे, आणि रील बघून निदान करून येणारे खरंच वाढलेत. त्यातल्या काहींचा थायरॉइड बिघडलेला असतो, काहींना रक्तक्षय असतो, काही रात्री घोरतात आणि त्यांची झोपच होत नसते. चिंतेतही लक्ष लागत नाहीच. फरक ओळखायला मी साधारण असं विचारते: काळजीचं काही नव्हतं, सुट्टी होती, मनासारखं चाललं होतं, तेव्हा कसं होतं? नुसती चिंता असेल तर तेव्हा डोकं बऱ्यापैकी जागेवर असतं. एडीएचडी सुट्टीतही रजा घेत नाही.

आणि छडीने सरळ झालेली पोरं पुढे काय झाली हेही बघावं लागेल. त्यांतली काही बिंबलसारखी झाली असतील. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात १८ ते ४४ वयाच्या ४.४ टक्के लोकांना एडीएचडी आढळलं, आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांना त्याच वर्षात कुठला ना कुठला चिंताविकारही होता. लहानपणापासून रोज बोलणी खाल्ली की माणूस पुढचं बोलणं कुठून येतंय याकडे कान लावूनच बसतो. सगळी चिंता तिथूनच येते असं नाही, पण बरीच येते.

चोडणकार

मी उलट्या टोकाचा. बाकावर चढणारा तो मीच. पायाला चाकं, तोंडाला लगाम नाही, दहावीच्या आत दोनदा हात मोडून घेतलेला. निदान अजून नाही, पण धाग्यातलं सगळं ओळखीचं.

मी तारवटी. बोटीवर किचनमध्ये. गंमत बघा, बोटीवर मी एकदम उत्तम कामगार. कधी उठायचं, कधी जेवायचं, कुठला ट्रे कुठल्या फळीवर, सगळं ठरलेलं. वरिष्ठ डोक्यावर उभा. पोटासमोर दोन तासांत साडेतीनशे ताटं जायची म्हटली की माझ्यासारखा माणूस नाही, डोकं तेव्हाच काय ते शांत होतं. कंत्राट संपून घरी आलो की तिसऱ्या दिवसापासून सगळं कोसळतं. बँकेचं काम, छपराची कौलं, पंचायतीतला कागद, काहीच होत नाही. फेरीबोट डोळ्यांसमोरून सुटते आणि मी धक्क्यावर. बायको म्हणते बोटीवर एवढा शहाणा, घरी आलास की वेड पांघरतोस.

मग संध्याकाळी दोन पेग. थोडं डोकं थांबतं. हल्ली दोनावर थांबत नाही म्हणून लिहितोय.

सुरंगी

चोडणकार, लिहिलंत हे बरं केलंत. दारूचं आधी सांगा डॉक्टरांना, लपवू नका. एडीएचडी असलेल्यांत व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे त्यांना माहीत असतं, कुणी नाक मुरडणार नाही. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे (पूर्वी आल्तिनोला होती ती), सरकारी आहे, तिथे दोन्हीचं बघतात. लगेच जाववत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, कधीही.

तुमच्या बोटीचं कोडं मात्र फार सोपं आहे. आठवण ठेवणं, क्रम लावणं, सुरुवात करणं ही कामं बोटीवर तुमच्या डोक्याबाहेर कुणीतरी करतं. घरी ती तुमच्यावर येतात.

म्हापशेंकार

मी औषधविक्रेता. या धाग्यावर औषधाचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो, कारण काउंटरवर यावरून रोज भांडणं होतात.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं जुनं, उत्तेजक प्रकारचं औषध. १९४४ साली पानिझ्झोन नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलं, आणि बायको रीटा हिच्या नावावरून त्याचं रिटालिन झालं. आपल्याकडे ते औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. म्हणजे ठेवायला वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, साठा कुलुपात, नोंदवही वेगळी. एवढी कटकट म्हणून बरीच दुकानं ठेवतच नाहीत. दुकानदार "ना" म्हणाला तर तुमच्यावर संशय घेतोय असं समजू नका, त्याच्याकडे बहुतेक परवानाच नसतो. डॉक्टरांनाच विचारा कुठे मिळतं, आणि निघण्याआधी फोन करा. संपायच्या दिवशी येऊ नका. (हे याच गिऱ्हाइकांना सांगणं किती निरर्थक आहे ते मला कळतं.)

अमेरिकेतल्या भावाकडून अॅम्फेटामिनच्या (एडीएचडीवरच्याच दुसऱ्या उत्तेजक) गोळ्या मागवायचा विचार कुणी करत असेल तर सोडा. ती औषधं भारतात विकायला नाहीत आणि पोस्टाने मागवणं हा गुन्हा होईल.

अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं. ते उत्तेजक नाही, परिशिष्ट एक्समध्ये नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं. पण त्याचा गुण दिसायला आठवडे लागतात. मेथिलफेनिडेटचा तासाभरात दिसतो आणि साधी गोळी असेल तर तीन-चार तासांत उतरतो. लोक अॅटोमॉक्सेटिन आठ दिवस घेऊन "काही होत नाही" म्हणून परत आणतात. तसं करू नका.

आबोली_साखळी

माझा मुलगा नऊ वर्षांचा. पर्वरीला सेतू या बालविकास केंद्रात तपासून घेतलं, एडीएचडी आणि सोबत भीतीही आहे. अंधाराची, शाळेतल्या वाचनाची, मी कामावरून परत येणार नाही याची. डॉक्टर औषधाचं म्हणाले. सासूबाई म्हणतात पोराला गुंगीत ठेवणार. नवरा म्हणतो मी पण असाच होतो, माझं काय बिघडलं. मला रात्र रात्र झोप नाही. वाढ खुंटते का? सवय लागते का?

सुरंगी

आबोली, गुंगी येत नाही. आली, मूल मख्ख बसू लागलं, तर डोस जास्त होतोय असं समजून लगेच डॉक्टरांना सांगायचं. भूक कमी होते हे खरं. म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर खायला द्यावं आणि संध्याकाळी भूक परतते तेव्हा जेवण. उंचीवर थोडा परिणाम दिसू शकतो, त्यासाठी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक वेळाने बघतात. घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास झाला असेल तर तो आवर्जून सांगा. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दिलेल्या डोसाने मुलं व्यसनी होत नाहीत.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईवडिलांना प्रशिक्षण देतात, औषध नंतर. तुमच्या मुलाच्या वयात दोन्ही बरोबर चालतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ साली मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचं बाहेरचं आवरण सर्वांत जाड होण्याचा टप्पा इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी येत होता, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. क्रम तोच, उशीर तीन वर्षांचा. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाकडून सहा-सात वर्षांच्या मुलाइतक्या शिस्तीची अपेक्षा ठेवलीत तर घरातली निम्मी भांडणं कमी होतील.

आणि नवरोबांचं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के धरतात, जवळजवळ उंचीइतका. "मी पण असाच होतो" हे वाक्य डॉक्टरांसमोर म्हणायला सांगा त्यांना. ते औषधाविरुद्धचं कारण म्हणून सांगताहेत, डॉक्टर ती माहिती म्हणून लिहून घेतील.

जुना_मळेकर

आकडे बरेच आले. मला औषध अजून पटलेलं नाही, लहान पोराला तर नाहीच. पण त्या वाळपईच्या मास्तरांनी कागद फाडून दोन-दोन गणितं द्यायचं लिहिलंय ते आवडलं. त्याला पैसे पडत नाहीत.

वाळपईकर

काका, पैसे पडत नाहीत पण चाळीस मुलांच्या वर्गात वेळ पडतो. असो. आबोलीताई, शाळेला एक पत्र द्या, डॉक्टरांच्या कागदासह. एक लक्षात असू द्या, २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे तिच्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मुलाला वाचनाची भीती आहे म्हणता, तर वाचन-लेखनाची चाचणी वेगळी करून घ्या. ती अडचण निघाली तर प्रमाणपत्राचा आणि परीक्षेतल्या सवलतींचा रस्ता तिथून जातो.

बिंबल

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वेगवेगळं लिहायला घेतलं आणि तीन मसुदे अर्धवट राहिले, म्हणून इथे एकत्रच.

आबोली, माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, छत्तीस वर्षांच्या घोडीबद्दल. गुंगी वगैरे काही नाही. पण उत्तेजक औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस माझी धडधड वाढली होती हे खरं. काहींची चिंता या औषधाने वाढते, काहींची कमी होते, आणि आधी सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी चिंतेची गोळी बंद केली नाही, नवं औषध अगदी कमी डोसाने वाढवत नेलं, आणि माझी दिवसभराची कॉफी बंद करायला लावली. कॉफीचं दुःख अजून आहे. धडधड बसली.

काय बदललं ते नेमकं सांगणं कठीण. गोळीने काम होत नाही. काम सुरू करायला आधी जो डोंगर चढावा लागायचा तो उतरला. पूर्वी बिल भरायचं तर आधी स्वतःला घाबरवायचे, वीज कापतील, शेजारी बघतील, मग उठायचे. आता उठते आणि भरते. घाबरायची गरज कमी झाली म्हणून घाबरणंही कमी झालं. म्हणजे चिंतेवरचा निम्मा उपाय चिंतेच्या गोळीत नव्हताच.

बाकी सगळं जुगाड. बिलं बँकेतून आपोआप जातात. कुलूप लावलं की मोठ्याने "लावलं" म्हणते, शेजारीण हसते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळ्यात जास्त कसोटी. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिचं) सामान, म्हणजे कांगलां, माट्टुळी, घागऱ्यो, आंबाडे, नीरफणस, सुपारीचा कातरो, यातलं निम्मं रानातून यायचं, निम्मं बाजारातून, आणि सगळं एकाच दिवशी दारात. सासरी आल्यापासून दरवर्षी आदल्या रात्री माझं रडणं ठरलेलं. यंदा जावेला सरळ सांगितलं की यादी तू कर, तारखा तू सांग, हातापायांचं काम सगळं माझं. तिला धावपळ नको असते, मला ठरवणं नको असतं. तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, हें तुवें पयलींच सांगपाचें आशिल्लें.

ऑफिसात सांगितलेलं नाही आणि सांगायचा विचारही नाही. विमा कुणी विचारलं नाही तरी लिहिते: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं कलम आहे. पण आपला खर्च दवाखान्यात भरती न होता होतो, आणि तो बहुतेक पॉलिसींत येतच नाही. तेव्हा आनंद.

चोडणकार

बांबोळीला जाऊन आलो. दारूचं आधी सांगितलं. डॉक्टर म्हणाले ती आधी आटोक्यात आणू, एडीएचडीचं निदान त्याबरोबर बघू. त्यांना लहानपणचं सांगणारं कुणीतरी हवंय. आईबाबा नाहीत, प्रगतिपुस्तकं पावसात गेली. मोठी बहीण आहे मडगावला. चालेल का?

सुरंगी

चालेल की. बहीण, मावशी, शेजारचे काका, ज्यांनी तुम्हाला बारा वर्षांच्या आत रोज बघितलंय ते कुणीही. हात मोडल्याचे कागद कुठे असतील तर तेही न्या.

चोडणकार

बहीण तयार. म्हणते दिवसभर बोलेन, दोन जेवणं लागतील. पुढचं कंत्राट नोव्हेंबरात आहे. औषध सुरू झालं तर बोटीवर नेता येतं का?

म्हापशेंकार

आधी डॉक्टरांना नोव्हेंबरचं सांगा, म्हणजे डोस जमिनीवर असतानाच बसवून होईल. नेण्याचं म्हणाल तर मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह, आणि बोट ज्या ज्या देशांत लागणार त्यांचे नियम आधी बघून. जपानसारख्या ठिकाणी अॅम्फेटामिनची औषधं तर नेताच येत नाहीत, आखाती देशांत काही औषधांना आगाऊ परवानगी लागते. कंपनीच्या डॉक्टरला न सांगता काही करू नका. बंदरांची यादी मिळाली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून सांगतो. आणि यादी बायकोकडे द्या, स्वतःकडे ठेवू नका.